पहिलं बरं की दुसरं?

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकली, तेव्हा आत एकच माणूस होता. त्याच्या हातात चष्म्यांच्या फ्रेमांचा खोका होता आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू त्याला अडकायचंच होतं.

वरून आवाज आला, "आत कुणी आहे का?"

"आहे."

"घाबरलात?"

"नाही."

"घाबरलात की," आवाज म्हणाला. "घाबरलेला माणूस 'नाही' फार पटकन म्हणतो. काय करता तुम्ही?"

"डोळे तपासतो. तिसऱ्या मजल्यावर, चष्म्याच्या दुकानात."

"अरे वा… डॉक्टर."

"डॉक्टर नाही. नंबर काढून देतो फक्त."

"माझ्यासाठी डॉक्टरच. आता त्या बटणांना हात लावू नका डॉक्टर. चुकून लिफ्ट खाली गेली तर मी वर राहीन, आणि ओळख अर्धवट राहील."

दार हातभर उघडलं आणि फटीतून एक चेहरा खाली वाकला. गालावर ग्रीसचा फराटा, कपाळावर घाम. तो डोळे बारीक करून आत बघत होता. खोकेवाल्याने त्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "तुम्हाला चष्मा लागणार आहे."

"लोक आधी आभार मानतात," तो चेहरा म्हणाला, आणि खाली हात दिला.

त्या दिवसापासून लिफ्टवाला मिस्त्री त्याला डॉक्टर म्हणायला लागला. पुढे डॉक्टरही त्याला नुसतं 'मिस्त्री' म्हणू लागला. दोघांनाही आईवडिलांनी ठेवलेली नावं होती, पण ती फक्त वीजबिलावर दिसायची.

चष्म्याच्या धंद्यात पहिली गोष्ट शिकवतात ती म्हणजे आवाज सपाट ठेवणं. अंधाऱ्या खोलीत, त्या उंच खुर्चीत बसलं की मोठमोठी माणसंसुद्धा परीक्षेला बसल्यासारखी होतात. डोळ्यांपुढे एक काच, मग दुसरी काच. "पहिलं बरं की दुसरं?" एवढंच विचारायचं, आणि विचारताना स्वतःला काय वाटतं ते आवाजात येऊ द्यायचं नाही. आवाजात जराशी जरी ऊब आली, तरी समोरचा तीच काच बरी म्हणून मोकळा होतो. त्याला नीट बघायचं नसतं, पास व्हायचं असतं.

मिस्त्री त्या खुर्चीत बसला तेव्हा डॉक्टरचा आवाज काही केल्या सपाट राहिला नाही. गुडघ्याला गुडघा लागत होता. मिस्त्रीच्या केसांना साबणाचा आणि लोखंडाचा असा मिळून एक वास येत होता. डॉक्टर दुसरी काच लावताना जरा जास्तच वाकला आणि हळूच म्हणाला, "आणि… हे?"

"हे," मिस्त्री म्हणाला. "हे छान आहे."

नंबर ठरला. चष्मा बनला. आणि मग मिस्त्रीच्या चष्म्याला काय झालं कोण जाणे, सारखं काहीतरी व्हायला लागलं. आज दांडी सैल, उद्या काच पुसायची, परवा नाकावरची गादी टोचते. दुकान डॉक्टरच्या आत्याचं होतं, आणि गल्ल्यावर ती स्वतः बसायची. डोक्यात माणसांची जमाखर्चाची पानं पक्की असलेली बाई. तिने काही दिवस हा येण्याजाण्याचा रंग पाहिला आणि एका दुपारी सरळ बॉम्ब टाकला.

"मिस्त्री, तुम्ही फ्रेमची किंमत वाचताना चष्मा कपाळावर का चढवता?"

"सवय."

"डोकं दुखतं?"

"नाही… म्हणजे थोडंसं." मग हळूच, "रोज."

डॉक्टरने चष्मा हिसकावून घेतला, पुन्हा तपासलं. नंबर साफ चुकला होता. "अहो, मग सांगितलं का नाही?"

मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्ही इतक्या मनापासून केला होता…"

आपल्यासाठी कुणी महिनाभर डोकेदुखी सोसली, हे कळल्यावर माणूस विरघळतोच. डॉक्टरही विरघळला. खरं तर विरघळण्याआधी त्याने थोडं घाबरायला हवं होतं, पण प्रेमाच्या भरात खर्चाची बाजू कोण वाचतो?

पाहता पाहता दोघांनी मिळून घर घेतलं. खाली कपडे धुण्याचं दुकान, वर दोन खोल्या. सकाळी खिडकीतून इस्त्रीची वाफ वर यायची. आत्याने एकदा येऊन पडदे, गॅस आणि पलंग तपासला आणि जाताना मिस्त्रीला म्हणाली, "येते, जावईबापू." मिस्त्री लाजून लाल झाला. डॉक्टरला वाटलं, सगळं मिळालं.

आता त्या गोष्टीला दीडेक वर्ष होत आलं होतं, आणि डॉक्टरची झोप उडाली होती.

भांडण झालं नव्हतं, तीच तर पंचाईत होती. भांडण असतं तर निदान विषय तरी मिळाला असता. मिस्त्री चहा करत होता, गाणं गुणगुणत होता, डॉक्टरच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून देत होता. पण झोपायची वेळ झाली की त्याला अचानक कामं आठवायची. दाराची बिजागरी कुरकुरते. नळ टपकतो. जुनी मॅच लागलीय. आणि शेवटी यायचा तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरावं तसा जपून, कुठे कशाला धक्का लागू नये असा. मग भिंतीकडे तोंड. मग "दमलोय रे."

डॉक्टर अंधारात छताकडे बघत हिशेब मांडायचा. शेवटचा हात कधी धरला होता? आधी कुणी धरला होता? तो स्वतःहून जवळ आला असं शेवटचं कधी झालं? सकाळी आरशासमोर पोट आत ओढून उभा राहायचा. दुपारी वाटायचं, दुसरं कुणीतरी आहे. संध्याकाळी मिस्त्री दारातून हसत आला की वाटायचं, छे, कुणी नाही. मग आपल्यातच काहीतरी खोट आहे. कामावर जाताना लिफ्टमध्ये खिशात मूठ आवळून उभा राहायचा आणि वरचे आकडे बदलताना बघत राहायचा.

अशात मिस्त्रीच्या कंपनीने नवं काम काढलं. दुसऱ्या शहरात, नव्या इमारतींच्या लिफ्टा बसवायच्या, वर्षभर तिथेच राहायचं. सोमवारी सांगायचं होतं. मिस्त्रीने ही बातमी शनिवारी सकाळी ऑम्लेट उलटता उलटता दिली, भाजी संपलीय म्हणून सांगावं तशी.

"तुला जायचंय?" डॉक्टरने विचारलं.

"साहेबांना नाही कसं म्हणणार?"

"मी साहेबांचं विचारत नाहीये."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तू ठरवावंस."

"मला वाटतं तू सांगावंस."

ऑम्लेट करपलं. डॉक्टर म्हणाला, "आपल्यात काही… बिघडलंय का?"

"नाही रे," मिस्त्री म्हणाला. "सगळं ठीक आहे."

फार पटकन म्हणाला. डॉक्टरला लिफ्टच्या फटीतून आलेला आवाज आठवला. त्याने धीर केला. "नाही, म्हणजे आपल्या… त्या…"

"त्या काय?"

"त्या पडद्यांचं काहीतरी करायला हवं."

"हो ना," मिस्त्री म्हणाला, इतक्या सुटकेने की डॉक्टरने तो विषय तिथेच सोडला. "ऊन फार येतं."

दुपारी दुकानात त्याने एका गिऱ्हाइकाचा डावा डोळा दोनदा तपासला आणि उजवा तपासलाच नाही. गिऱ्हाईक गेल्यावर आत्याने गल्ला बंद केला.

"काय बिनसलंय तुमचं?"

"काही नाही."

"मला नको सांगूस. मला ऐकायची हौस नाही. पण जावईबापू परगावी निघालेत हे मला लिफ्टच्या पोऱ्याकडून कळावं?"

"त्याला जायचंय, आत्या. माझ्यापासून लांब." डॉक्टर काउंटरवरच्या फ्रेमा लावू लागला. "तो माझ्या… जवळ येत नाही. बरेच दिवस."

"विचारलंस का त्याला?"

"विचारलं. ठीक आहे म्हणाला."

"त्या चष्म्यालाही छानच म्हणाला होता."

डॉक्टरच्या हातातली फ्रेम तशीच राहिली.

"ह्या माणसाला 'ठीक आहेस का' असं विचारायचं नसतं रे, राजा. तो तुला बरं वाटावं म्हणून विहिरीत बसूनही 'इथे गार आहे' म्हणेल." आत्याने चष्म्याच्या काचा पुसायचं फडकं झटकलं. "तुझे काका आणि मी सुरुवातीची काही वर्षं अंथरुणात नुसते एकमेकांचं मन राखत होतो. त्यांना वाटायचं मला आवडतं, मला वाटायचं त्यांना. दोघंही हैराण. शेवटी एकदा प्रवासात, समोरासमोर नव्हतो, शेजारी बसलो होतो, तेव्हा मी म्हटलं…"

"आत्या, पुरे."

"पुरे तर पुरे. पण शेजारी बसलो होतो म्हणून बोलता आलं, एवढं ध्यानात ठेव."

तिने फोन उचलला. "मिस्त्री? हो, मीच. परगावी निघालात ना, नंबर तपासून घ्या आधी. आज. संध्याकाळी." मग डॉक्टरकडे बघत, "येतो म्हणाला. नाही म्हणायला त्याला कुठे येतं?"

संध्याकाळी मिस्त्री आला तेव्हा आत्या पर्स घेऊन उभीच होती. "या जावईबापू. मी निघते. दार ओढून घेते, पाटी उलटी करते. सावकाश तपासा."

तपासणीच्या खोलीत अक्षरांचा तक्ता तेवढा उजळलेला होता. मिस्त्री खुर्चीत बसला, दोन्ही हात मांड्यांवर, शाळेतल्यासारखा. डॉक्टरने यंत्र त्याच्या डोळ्यांसमोर आणलं. लावताना काच खट्कन घसरली.

"गार आहेत बोटं तुझी," मिस्त्री म्हणाला.

"वाच. खालची ओळ."

नंबर किंचित बदलला होता. तेवढं काम झालं, लिहून झालं. मग डॉक्टरने तक्त्याचा दिवाही मालवला आणि यंत्राच्या मागे, बाजूच्या स्टुलावर बसला.

"अरे… हे काय?"

"आणखी काही प्रश्न आहेत. नियम तोच. बरोबर-चूक काही नसतं, जे दिसतं ते सांगायचं."

"अंधारात काय दिसणार?"

"मी दिसतोय?"

"नाही."

"तेच हवंय. तू माझं तोंड वाचून उत्तरं देतोस."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला. मिस्त्रीने खुर्चीत हालचाल केली, पण उठला नाही. डॉक्टरने आयुष्यात राखला नसेल इतका सपाट आवाज काढला.

"आपण जवळ येतो तेव्हा मी जे करतो. सुरुवातीपासून करतो ते. ते तुला आवडतं… की चालतं?"

अंधारात यंत्राच्या काचेवर मिस्त्रीचं नख वाजलं. मग, "आपण घरी बोलूया का?"

"घरी आपण पडद्यांबद्दल बोलतो."

यंत्रामागून मिस्त्रीचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"चालतं," तो म्हणाला.

डॉक्टरने स्टूल घट्ट धरलं. आवाज सपाट. "चालतं… की दुखतं?"

"…दुखतं. नेहमी नाही." मग आणखी हळू, "बहुतेक वेळा."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"पहिल्या वेळी तू छान म्हणालास."

"तू इतका खूश दिसत होतास…"

"मी खूश होतो, कारण तू छान म्हणालास," डॉक्टर म्हणाला, आणि आवाजाचा सपाटपणा इथे संपला. "मला वाटलं तुला तेच हवंय. सगळे तेच करतात असं मी धरून चाललो होतो. मला स्वतःला त्याचं एवढं काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नसतं केलं तरी चाललं असतं."

"मग आपण हे," मिस्त्री म्हणाला, "कुणासाठी करत होतो?"

आणि तो हसायला लागला. आधी दबून, मग खुर्ची खडखडेपर्यंत. डॉक्टर हसला नाही.

"हसू नकोस. मी तुला दुखवत होतो, आणि तू मला कळू दिलं नाहीस. मला तू काय करून ठेवलंस, मिस्त्री? मी रात्री जागून विचार करत होतो, ह्याला माझी किळस येते की काय…"

हसणं थांबलं. यंत्र बाजूला झाल्याचा आवाज आला. अंधारात एक हात चाचपडत डॉक्टरच्या गुडघ्यापर्यंत पोचला आणि तिथे थांबला, पुढे जाऊ की नको असा.

"किळस नाही रे. भीती. एकदा नको म्हटलं होतं मी. तुझ्या आधी जो होता त्याला. नखरे करतोस म्हणाला, आणि आठवडाभरात सामान घेऊन गेला. मग ठरवलं, परत कधी म्हणायचं नाही. पण न म्हणता रोज ते… शेवटी खोलीत यायलाच नको वाटायला लागलं. तू नाही, ती खोली."

"म्हणून तू त्या कामाला निघालास?"

"तिथे झोपायला स्वतंत्र खोली देणार होते," मिस्त्री म्हणाला. त्याच्या बोलण्यात एवढी शरम होती, की डॉक्टरने तो गुडघ्यावरचा हात घट्ट धरला. कुणी आधी धरला हे ह्या खेपेला त्याने मोजलं नाही.

"आता तू सांग," मिस्त्री थोड्या वेळाने म्हणाला. "उठ. खुर्चीत बस. मी विचारतो."

"मी कशाला?"

"नियम तोच. बस, डॉक्टर."

जागा बदलल्या. डॉक्टरचे कान अंधारातही तापले होते.

"दिवा लावलेला बरा," मिस्त्रीने त्याचीच नक्कल करत विचारलं, "की मालवलेला?"

"लावलेला. छोटा. मला तू दिसायला हवास."

"आणि?"

"घाई नको. आणि झाल्यावर लगेच पाठ करून झोपू नकोस. मला… नंतरचं सगळ्यात जास्त आवडतं. उगाच पडून राहणं."

"एवढंच? ह्यासाठी तू जागत होतास?"

"आणखी एक आहे."

"बोल."

"कानात सांगतो."

मिस्त्री वाकला. पुन्हा तोच साबणाचा आणि लोखंडाचा वास. डॉक्टरने जे सांगायचं ते सांगितलं आणि डोळे मिटून घेतले, जणू अंधार पुरेसा नव्हता. मिस्त्री काही बोलेना. संपलं, डॉक्टरला वाटलं. उगाच बोललो.

"नको," मिस्त्री म्हणाला.

"…काय?"

"ते नको. मला नाही जमणार. आत्ता तरी नाही." त्याचा आवाज कापत होता, पण शब्द धड होते. "वाईट वाटलं?"

"थोडं," डॉक्टर म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला ह्या माणसाकडून आजवर मिळालेलं हे पहिलं उत्तर आहे, जे आपल्यासाठी घडवलेलं नाही.

"पुन्हा म्हण."

"काय पुन्हा म्हण?"

"नको म्हण."

"नको."

डॉक्टरने अंदाजाने त्याचा चेहरा शोधला आणि ज्या तोंडातून तो शब्द आला होता त्याचं चुंबन घेतलं, सावकाश, मध्येच थांबून, "हे?" असं विचारत.

"हे चालतं नाही," मिस्त्री पुटपुटला. "हे आवडतं."

दिवा लावल्यावर दोघांनाही एकमेकांकडे बघायची जरा चोरी झाली. मिस्त्रीने फोन काढला आणि तिथेच उभा राहून साहेबांना लावला. "साहेब, ते परगावचं… नाही जमणार." पलीकडून बरंच काही आलं असावं, कारण तो ऐकत भिंतीवरची अक्षरं बोटाने गिरवत होता. "नाही, नाही. घरी सगळं ठीक—" तो थांबला. डॉक्टरकडे पाहिलं. "ठीक नव्हतं, साहेब. दुरुस्ती चालू आहे."

दुकानाला कुलूप लावून दोघं बाहेर आले. मिस्त्रीने सवयीने लिफ्टचं बटण दाबलं. वरचे आकडे बदलू लागले. डॉक्टरचा हात खिशात गेला, मूठ आवळली गेली, आणि मग त्याने ती खिशातून बाहेर काढली.

"मिस्त्री."

"हं?"

"मला लिफ्टची भीती वाटते. तेव्हा अडकलो ना, तेव्हापासून. रोज वाटते."

मिस्त्रीने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू लिफ्टच डोळ्यांदेखत खाली कोसळली. "रोज? आणि रोज त्यातूनच ये-जा करत होतास? बोलला का नाहीस?"

"तू इतक्या मनापासून दुरुस्त केली होतीस…"

लिफ्ट आली. दार उघडलं, आतला दिवा लागला. मिस्त्रीने आत हात घालून तिला तशीच खाली पाठवून दिली.

"लिफ्ट बरी की जिना?" त्याने विचारलं, एकदम सपाट आवाजात.

"जिना."

मिस्त्रीने त्याचा हात धरला, आणि दोघं सावकाश, एकेक पायरी, खाली उतरायला लागले.